एका रुपयासाठी किती?

१९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया ज्याच्याकडे असतो तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि ज्याच्याकडे नसतो तो गावभर सांगत सुटतो. आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातले काका दुसऱ्या प्रकारातले. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी ब्रिटिश काळातले रुपये सालवार जमवले आहेत. राणीछाप आहेत, सातव्या एडवर्डचे १९०३ ते १९१० पर्यंतचे सगळे आहेत, पाचव्या जॉर्जचा तो बदनाम १९११ चा रुपयाही आहे. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, आणि सरकारला बहुतेक नाणी परत वितळवावी लागली, तोच हा रुपया. १८६२ च्या रुपयावर तेच साल ठेवून पुढे बारा वर्षं नाणी पाडली आणि ठिपक्यांनी फरक केला. त्या ठिपक्यांच्या भानगडीत काका पडले नाहीत. "त्याच्या नादी लागलं की घर विका लागते," असं त्यांचं म्हणणं. पण एकोणचाळीसचा मात्र पाहिजेच.

त्या एका सालाचं एवढं काय, असं नवख्याला वाटेल. १९२२ नंतर बरीच वर्षं चलनासाठी रुपया पाडलाच नाही, मग थेट १९३८ चा आला, मग हा. पुढे महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० वर आणली. जुने अस्सल चांदीचे रुपये लोकांनी दाबून ठेवले, उरलेले सरकारने टप्प्याटप्प्याने चलनातून काढून भट्टीत घातले. अडतीसचे भरपूर वाचले, एकोणचाळीसचे फार थोडे. दोन्ही सारख्याच वजनाचे, ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर एक तोळा. आत शुद्ध चांदी साडेदहा ग्रॅमच्या थोडी वर. इतवारीच्या सराफ्यात काटा दोघांना एकच भाव देईल. लिलावात एकाला हजारांत मागतात, दुसऱ्याला लाखांत.

तर मुंबईच्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एकोणचाळीसचा रुपया आला आणि काकांचा फोन आला. त्यांना लॅपटॉपवर बोली लावणं जमत नाही, गुडघ्यांमुळे मुंबईला जाणं होत नाही. मी कंपनीच्या कामाला मुंबईला जातच असतो. म्हणून नाणं बघून यायचं मी, आणि बोलीही मीच लावायची. पैसे त्यांचे.

दुसऱ्याच्या पैशाने बोली लावायची तर आधी आकडा ठरवावा लागतो. स्वतःसाठी लावताना माणूस मनात काहीतरी धरून बसतो आणि ऐन वेळी सरकवतो. इथे तसं चालणार नव्हतं. मी काकांना म्हटलं, कागदावर लिहून द्या. त्यांनी लिहिलं: अडीच लाख. एक एफडी संपत होती, ती तेवढ्याचीच होती. मला हा हिशेब तेव्हा विचित्र वाटला. नाण्याची किंमत आणि एफडीची रक्कम यांचा काय संबंध? पण विचार केला तर बहुतेक संग्राहक असंच ठरवतात. आधीच्या लिलावांचे भाव बघतात, प्रत बघतात, असं नाणं वर्षातून कितीदा बाजारात येतं ते बघतात, आणि शेवटी हाताशी जेवढे मोकळे आहेत तेवढ्यावर येऊन थांबतात. आधीचं सगळं संशोधन त्या आकड्याला शोभा आणण्यापुरतं.

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी आतूनच विचारलं, "अन् उद्या विकाचं म्हटलं तर किती येतीन?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत काकांना कोणी विचारला नसावा. मी कागद घेतला. त्या लिलावाच्या अटींप्रमाणे बोलीवर १५ टक्के कमिशन खरेदीदाराने द्यायचं, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभराची बोली ११७ रुपये ७० पैशांना पडते. अडीच लाख सगळं मिळून द्यायचे असतील तर बोली दोन लाख बारा हजारांच्या वर जाता कामा नये, आणि बोली दहा-दहा हजारांनी चढते म्हणून आपली कमाल मर्यादा २,१०,००० रुपये. त्यावर कमिशन ३१,५००, जीएसटी ५,६७०, एकूण २,४७,१७०. आता तोच रुपया दुसऱ्या दिवशी त्याच लिलावात विकायला दिला आणि तेवढ्यालाच गेला, तर विकणाऱ्याकडूनही ते १० टक्के कापतात. हाती १,८९,०००.

"म्हणजे घरी आनता आनताच अठ्ठावन हजार गेले," काकू म्हणाल्या. लाटणं थांबलं नव्हतं. "नाकातली मोरणी मोडाले तर लावत नाही ना मले? मग घ्या. पण हे गुंतवणूक-बिंतवणूक नका सांगू."

काकांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांच्या तोंडून गुंतवणूक हा शब्द मी ऐकला नाही. नाण्यांवर पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाने हा दोन ओळींचा हिशेब एकदा करावा. लिलावाच्या बातम्यांत अंतिम बोली छापतात, घेणाऱ्याच्या खिशातून किती गेले आणि विकणाऱ्याच्या हाती किती पडले ते छापत नाहीत.

मुंबईत लिलावाआधी नाणी बघायला मिळतात. टेबलावर हिरवं कापड, वर दिवा, समोर एक माणूस जो तुमच्या हातांवरची नजर हटवत नाही. नाणं कडेने धरायचं. मी दहापटीचं भिंग नेलं होतं आणि बघायचं होतं मुख्यतः एकच: सालातला शेवटचा आकडा. एकोणचाळीसचे खोटे रुपये दोन प्रकारचे असतात. एक सरळ ओतीव, ते पकडायला सोपे. वजन चुकतं, कडेवरचे कंगोरे बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे अस्सल अडतीसचा रुपया घेऊन ८ कोरून ९ केलेला. याला वजनकाटा काही करू शकत नाही, सराफाचं कॅरेट तपासायचं मशीनही काही करू शकत नाही, कारण धातू खरा, वजन खरं, टांकसाळ खरी. खोटी फक्त दोन मिलिमीटरची जागा.

भिंगाखाली मी त्या ९ च्या शेपटीजवळ बराच वेळ थांबलो. कोरलेल्या आकड्याच्या आसपास चांदीची जमीन किंचित खोल जाते, आणि तिथली चमक वेगळी पडते, कारण जुन्या नाण्यावरची काळपट झाक तिथे खरवडली गेलेली असते. इथे ती झाक ३ च्या पोटातून ९ च्या वळणापर्यंत सलग होती. मी नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं. कमळाच्या नक्षीच्या उंचवट्यांवर थोडी झीज, राजाच्या कानावर एक बारीक ओरखडा, बाकी स्वच्छ. समोरचा माणूस म्हणाला, "सगळे तिथेच बघतात." मी खोटं निघाल्यास परत घेण्याची अट लेखी मागितली, ती कॅटलॉगच्या मागे छापलेलीच होती, मुदतीसकट. तिचा फोटो काढून काकांना पाठवला.

इकडे कॉलनीत बातमी फुटली होती. मी परत आलो तर गेटवरचा वॉचमन वाट बघत होता. "भाऊ, माह्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं हाय. दहा लाख देऊन राह्यले म्हणे. फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे आधी मागतेत." त्याला खाली बसवून सांगितलं की हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलंय की जुनी नाणी-नोटा घेण्याविकण्यात बँक नाही आणि असली फी किंवा कमिशन ती कोणाकडून मागत नाही. त्याला पटलं की नाही देव जाणे. ज्या दिवशी आपल्या ओळखीचा माणूस एका रुपयाला दोन लाख द्यायला निघतो, त्या दिवशी दहा लाखही खरे वाटायला लागतात. त्यात त्याचा दोष नाही.

लिलावाला अवकाश होता तेव्हा संध्याकाळी काकांकडे बसून मी जगातले आकडे वाचून दाखवायचो. १९३३ चं अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल. ४,४५,५०० पाडली, पण तेवढ्यात सोन्याची नाणी चलनातून बाद केली आणि ही बाहेर न पडताच वितळवली. काही चोरवाटेने सुटली. त्यातलं एक इजिप्तच्या फारूक राजाकडे गेलं. खासगी माणसाने कायदेशीरपणे बाळगावं असं आज एकच. ते २००२ मध्ये ७५ लाख ९० हजार डॉलरला गेलं आणि जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ८९ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने १३० कोटी रुपयांच्या वर. काकांना आकड्याचं काही वाटलं नाही. त्यांना आवडली ती २००२ ची गंमत: नाणं सरकारने कधी अधिकृतपणे चलनात आणलंच नव्हतं, म्हणून घेणाऱ्याकडून दर्शनी किमतीचे वीस डॉलर वेगळे भरून घेतले. "पंचाहत्तर लाख डॉलर दिले अन् वर सुट्टे वीस!" हे त्यांनी पुढे कितीतरी जणांना ऐकवलं.

आपल्याकडचा मोठा किस्सा जहांगीरच्या एक हजार तोळ्यांच्या मोहरेचा. आग्र्याला १६१३ मध्ये पाडलेली, वजन १२ किलोच्या जवळपास. १९८७ मध्ये जिनिव्हाला लिलावात मांडली होती, विकली गेली नाही. आणि २०२० मध्ये लंडनला सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. मागून कळलं की त्याची मालकीची कागदपत्रं बनावट होती, आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा गंभीर झाले. त्यांनी मला लिलाववाल्यांना विचारायला लावलं की आपला रुपया आला कुठून. उत्तर आलं, एका जुन्या संग्रहातून. रुपयाच्या बाबतीत एवढं पुरतं. पण नागपूरच्या महाल भागातल्या कोणा जुन्या वाड्याची भिंत पाडताना हंडा निघाला आणि कोणी त्यातली नाणी गुपचूप विकायला आणली, तर तिथून उठून यावं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांच्या वरचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

मी स्वतः नागपूरकर भोसल्यांचे रुपये जमवतो. त्यावर नाव दिल्लीच्या अहमदशाह बादशहाचं आणि टांकसाळ कटकची. तो बादशहा १७५४ मध्येच गादीवरून गेला, ओडिशा १८०३ मध्ये भोसल्यांच्या हातून गेलं, तरी तेच नाव पुढे कितीतरी वर्षं ठोकत राहिले. साचा मोठा, चकती लहान, म्हणून पुरतं नाव एकाही नाण्यावर सापडत नाही. चार-पाच रुपये शेजारी ठेवून वाचावं लागतं. हे काकांच्या रुपयाहून कितीतरी जुने, हातोड्याने एकेक ठोकलेले, आपल्याच गावच्या राजांचे. आणि एक चांगला रुपया मला दोन-अडीच हजारांत मिळतो. जुनेपणाला भाव असतो हा गैरसमज याच्यामुळे माझा कधी झाला नाही. सातवाहनांची नाणी दोन हजार वर्षांची आहेत, अकोल्याकडे तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये एकाच ठिकाणी दीड हजारांवर सापडली होती. म्हणजे ज्या सालचा रुपया काकांना मिळत नव्हता, त्याच सालचा हा ढीग. भाव ठरतो तो मागे लागलेली माणसं किती आणि नाणी किती यावर. ब्रिटिश रुपयांचे सालवार अल्बम भारतभर हजारो लोक भरतात, आणि सगळ्यांचे अल्बम एकाच ठिकाणी येऊन अडतात. भोसल्यांच्या मागे नागपुरातही आम्ही मोजकेच.

लिलाव रविवारी दुपारी होता. जेवणं लवकर उरकली. काकांच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू, न जाणो वायफाय गेलं तर. आमचा लॉट येईपर्यंत काकांनी दोनदा चहा घेतला आणि एकदाही संपवला नाही.

लॉट उघडला १,३०,००० वर. ही आधीच लिहून दिलेल्या कोणाची तरी बोली होती. मी बटण दाबलं, १,४०,०००. हॉलमधून १,५०,०००. लेखी बोलीवाला तिथेच संपला होता, राहिलो आम्ही आणि हॉलमधला तो. १,६०,००० आम्ही, १,७०,००० तो. इथपर्यंत तो लगेच हात वर करत होता. आमच्या १,८०,००० ला त्याने किंचित वेळ घेतला, मग १,९०,०००. मी २,००,००० दाबलं. पडद्यावर आमची बोली वर, हिरव्या चौकटीत. आता तो थांबला तर रुपया दोन लाखांना आमचा, मर्यादेच्या आत.

तो थांबला नाही. २,१०,०००.

हा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता, आणि तो कुठल्या पुस्तकातही मी वाचलेला नाही. आमची मर्यादा २,१०,००० होती, पण त्या पायरीवर पाय ठेवायची पाळी त्याची आली. लेखी बोलीवाल्याने सुरुवातीला आणखी एक पायरी चढवली असती तर क्रम उलटा झाला असता आणि २,१०,००० ला आम्ही उभे असतो. मग तोच माणूस २,२०,००० देतो की नाही याच्या विचारात पडला असता. आता विचार आमच्याकडे होता. बटणावर २,२०,००० दिसत होते. हिशेबाच्या कागदावर मी तो आकडा आधीच काढून ठेवला होता: सगळं मिळून २,५८,९४०. अडीच लाखांच्या वर ८,९४० रुपये.

लिलाव करणारा शेवटची सूचना देत होता. काकांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकू दारात होत्या, पण काही बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "जाऊ द्या."

हातोडा पडला. पाच-दहा सेकंदांत पुढचा लॉट आला, कुठलीतरी हैदराबादची चवली.

मला वाटलं होतं, काका आता दोन दिवस बोलणार नाहीत. ते पेन घेऊन बसले. "आपण नसतो तर त्याले कितीत पडला असता?" लेखी बोली १,३०,००० वर संपली होती, म्हणजे हॉलवाल्याला १,४०,००० ला मिळाला असता. त्याला पडला २,१०,००० ला. "सत्तर हजाराचा चुना लावला आपण त्याले, अन् तोही फुकटात," असं म्हणून ते इतके मनापासून हसले की काकूंनी चहा नव्याने टाकला. चेष्टा सोडली तरी ते खरंच होतं. तो अनोळखी माणूस एका रुपयाला किती द्यायला तयार होता, ते कोणालाच कळलं नाही. कदाचित तीन लाखांपर्यंत गेला असता. कळलं ते फक्त एवढं की आमच्याहून एक पायरी जास्त. लिलावाच्या बातमीतला आकडा वाचताना मी आता नेहमी हरलेल्याचा विचार करतो, कारण किंमत तो ठरवून जातो.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या एका लिलावात आणखी एक एकोणचाळीसचा आला. वर्णनात लिहिलं होतं: कडी काढल्याची खूण, घासून साफ केलेला. कोणा बाईच्या गळ्यातल्या माळेत असणार. आपल्याकडे खेड्यांत रुपयांच्या माळा घालायचेच. राजाच्या मुकुटाच्या वर, कडेला, कडी झाळल्याच्या डागाचा पुंजका होता आणि पृष्ठभाग पितांबरीने भांडी घासावीत तसा घासलेला. शौकीन मंडळी असल्या नाण्याला हात लावत नाहीत. मी फोटो मोठे करून ९ तपासला, परतीची अट वाचली, काकांनी बोलीची मर्यादा लिहून दिली सत्तर हजारांची, आणि या वेळी समोर कोणी टिकलंच नाही. ६०,००० ला हातोडा पडला. तिथेही कमिशन तेवढंच, सगळं मिळून ७०,६२०, कुरियर वेगळं.

पार्सल उघडताना काकूंनीच नाणं आधी हातात घेतलं. डागाच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बाकी बरं केलं. हा घातलेला तरी हाय कोनं." काकांनी मात्र त्याच रात्री मला फोन करून विचारलं, चांगल्या प्रतीचा पुन्हा कधी येईल आणि आला तर हा देऊन किती वर टाकावे लागतील. अडीच लाखांतले उरलेले त्यांनी परत बँकेत टाकलेत, फक्त मुदत आता एका वर्षाची घेतली आहे.